मनगटावर दोन बोटं

दादा, आज मी नदीवर जाऊन आले. आपल्या शाळेच्या नदीवर. घरी येऊन तासभर होत आला, चहा ठेवला होता तो उतू गेला, शेगडी पुसायचीही राहिलीय आणि मी पंख्याखाली बसून तुम्हाला लिहायला घेतलंय. तुम्ही जाऊन सव्वीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला सांगावं असं पुष्कळ घडलं. तुमची लेक कंडक्टर झाली, खाकी घालून गाडीच्या दारात उभी राहते, हे तुम्हाला कुठं ठाऊक आहे? तरी कधी कागद घेतला नव्हता. आज मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही, आणि यातलं सगळं ज्याला समजेल असं माणूस तुमच्याखेरीज दुसरं कुणी नाही.

झालं असं की परवा आमची गाडी वारंगा फाट्यावर थांबली होती. चहा पिता पिता आमचे ड्रायव्हर सहज म्हणाले, "बाई, तुमच्या त्या मुक्या लेकरांच्या शाळंच्या जागी बगीचा झालाय म्हने. नदीला घाट बी बांधलाय. मी लेकरं घेऊन गेल्तो. लई भारी केलंय." माझ्या हातातला चहा तसाच राहिला. शाळा बंद पडल्याचं मला माहीत होतं, इमारती पडल्याचंही कुणीतरी सांगितलं होतं. त्यावर मी मनातल्या मनात काटेरी झुडपं उगवून टाकली होती, आणि तिकडं जाणाऱ्या फाट्यावर प्रवासी उतरवताना मी मान वळवून बघतसुद्धा नव्हते. का नव्हते, ते पुढं येईलच. पण बगीचा हा शब्द ऐकला आणि मला दोन दिवस झोप धड लागली नाही. रविवारची सुट्टी होती. सकाळीच निघाले.

फाट्यावरून आत जायला आता डांबरी रस्ता आहे. ज्या वाटेनं तुम्ही सायकलच्या दोन्ही बाजूंना भाजीच्या पिशव्या अडकवून यायचात, त्या वाटेवर आता रिक्षा चालते. फाटकापाशी एक वॉचमन खुर्ची टाकून बसलेला. आत पाऊल टाकलं आणि दादा, मला काही ओळखूच येईना! तांबड्या-करड्या फरशीची वाट, दोन्हीकडं बोगनवेल, हिरवळीवर पाणी उडवणारे फवारे, व्यायामाची हिरवी-पिवळी यंत्रं आणि त्यांच्यावर लोंबकळणारी पोरं. पोरींच्या राहण्याच्या खोल्या होत्या तिथं झोके आहेत. मुख्याध्यापक सरांचं ऑफिस होतं तिथं बायकांचा घोळका मोबाइल उंच धरून फोटो काढत होता. वाटलं, आपण भलत्याच ठिकाणी आलो. मग कडुनिंब दिसला. तोच, खालून दोन फांद्या फुटलेला. आणि त्याच्या पलीकडं आपल्या स्वयंपाकघराचं जोतं! भिंती नाहीत, पत्रे नाहीत, पण दगडी जोतं जसंच्या तसं ठेवून वर गुळगुळीत शहाबादी बसवलीय आणि कडेनं बसायला कट्टे केलेत. मी धावले. बावन्न वर्षांची बाई, गुडघे कुरकुरतात, पण धावले. जोत्यावर चढून बराबर चुलीच्या जागी जाऊन उभी राहिले, आणि समोर कयाधू नदी, तिच्या वळणासकट.

माय गेल्यावर तुम्ही मला घेऊन इथं राहायला आलात, तेव्हा मी सात वर्षांची होते. स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत आपलं घर. साठ-सत्तर लेकरं, एकालाही ऐकू येत नाही, आणि त्यांचा स्वयंपाक करणारे तुम्ही एकटे. हाताखाली दोन बाया. जेवणाची घंटा वाजवून उपयोग नाही, म्हणून तुम्ही दारात उभे राहून तांबडं फडकं हलवायचात. पहिल्या महिन्यात तुम्ही पोरांकडून हातांची बोली शिकलात, आणि मी तुमच्याकडून नाही, पोरींकडून शिकले. पुस्तकातली बोली वर्गात चालायची; स्वयंपाकघरात चालायची ती पोरांनी स्वतः बनवलेली. त्या बोलीत प्रत्येकाचं नाव होतं. तुमच्या डाव्या मनगटावर उकळतं तेल उडून पांढरा डाग पडला होता, म्हणून उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटावर घासली की तुम्ही. माझं नाव म्हणजे कानाची पाळी चिमटीत धरायची. अख्ख्या आवारातल्या पोरींत ऐकू येणारी मी एकटी. तुम्ही मला म्हणायचात, "तू ह्या समद्यांचा कान हाइस. ध्यानात ठेव."

तर मी जोत्यावर उभी आहे. खाली घाटाच्या पायऱ्यांशी एक बाई वाफ्यातलं गवत उपटतेय. साडीवर नगरपालिकेचं नारिंगी जाकीट, डोक्याला रुमाल. मी तिला हाक मारली, "ओ ताई, घाटाकडं उतरायला कुठून वाट आहे?" तिनं वर पाहिलं नाही. पुन्हा हाक मारली. वॉचमन मागून आला आणि म्हणाला, "काहून वरडून राहिल्या? तिला ऐकू येत न्हाई. लई वर्षांपासून अशीच हाय ती. काय पायजे ते मला सांगा." मी पायऱ्या उतरून तिच्या समोर जाऊन बसले. तिनं मान वर केली. पाहिलं. खुरपं खाली ठेवलं, हात जाकिटाला पुसले, आणि दादा, तिनं उजव्या कानाची पाळी चिमटीत धरली आणि माझ्याकडं बोट केलं.

माझं नाव. पस्तीस-छत्तीस वर्षांत कुणी मला त्या नावानं हाक मारली नव्हती. मी हो म्हणाले, हातांनी, आणि मग मला तिचं नाव आठवलं. गालावर बोट ठेवून खळी पाडायची. आपली खळी! सगळ्यांत धाकटी, आठ वर्षांची, साखऱ्याकडची. आता केस पांढरे झालेत, खळी तशीच आहे. आम्ही एकमेकींचे हात धरले, सोडले, कारण बोलायचं तर हात मोकळे पाहिजेत, पुन्हा धरले. वॉचमन तोंड वासून बघत होता. "आँ? तुमाला येतं व्हय हे?" मी म्हणाले, "इथंच शिकले, भाऊ." माझे हात गंजलेत, दादा. निम्म्या खुणा चुकत होत्या. ती हसायची, माझी बोटं धरून नीट करायची, आणि पुढं बोलायची. तिचा नवराही ऐकू न येणारा, हिंगोलीत शिलाई करतो. दोन लेकी, दोघींना ऐकू येतं. तीन वर्षांपूर्वी इथं काम मिळालं. आपल्या शाळेच्या जागी काम आहे म्हणून तिनं दुसरं लागलेलं काम सोडलं.

मग तिनं मनगटावर दोन बोटं घासली आणि भुवया उंचावून माझ्या मागं पाहिलं. दादा कुठं? जणू तुम्ही मागून पिशवी घेऊन येतच आहात. तिला माहीत नव्हतं. तुम्ही गेलात तेव्हा ती सासरी होती आणि तिला कळवायला कुणी नव्हतं. मला ते हातांनी सांगावं लागलं. तोंडानं मी हे शंभर जणांना सांगितलं असेल, पण हातांनी पहिल्यांदाच, आणि ती खूण फार साधी आहे, ठाऊक आहे ना तुम्हाला? ती पायरीवर बसली. पदर डोळ्यांना लावला. मग नदीकडं हात करून तिनं एक गोष्ट सांगायला घेतली, आणि मला कळलं की आता ते येणार, ज्याच्यापायी मी इतकी वर्षं फाट्यावर मान वळवली नव्हती.

तो रविवार. पोळा होऊन गेलेला, ऊन लख्ख पडलेलं. नदीत पाणी घोट्याएवढं, मधोमध वाळूचं बेट उघडं पडलंय. सात पोरी बेटावर बसून वाळूनं मोठी भांडी घासतायत. मी बारा वर्षांची, काठावरच्या खडकावर उभं राहायचं माझं काम. तुम्ही बजावून गेलात, "वरच्या अंगाला पाऊस हाय. नदीचा आवाज बदलला की पळत यांच्याकडं जायचं. हलू नको हितून." मी थोडा वेळ उभी राहते. पण वरच्या बांधावरच्या सीताफळीला फळं धरलीयत आणि दोन फळांनी डोळे उघडलेले मी आदल्या दिवशीच हेरून ठेवलेत. एवढंसं अंतर. आत्ता जाते, आत्ता येते. फळ फोडते, गर तोंडात, बिया थुंकते, दुसरं फोडते. नदीचा आवाज बदलला तो मला ऐकू आलाच नाही, कारण मी बांधाच्या पलीकडच्या अंगाला उतरले होते.

तो तुम्हाला ऐकू आला, चुलीजवळ. तुम्ही बाहेर आलात, तर खडकावर मी नाही, बेटावर पोरी पाठमोऱ्या बसलेल्या, आणि वळणावरून तांबडं पाणी काटक्या-फेस घेऊन येतंय. ओरडून उपयोग नाही. धावत बेटापर्यंत पोचायला वेळ नाही. तुम्ही आत वळलात, पोळ्यांची पितळी परात उचललीत, जोत्याच्या कडेला येऊन ती उन्हात धरलीत आणि उजेडाचा कवडसा पोरींच्या समोरच्या वाळूवर नाचवला. हे मी बांधावरून पाहिलं. वर आले तेव्हा तो कवडसा पाण्यावर पळत होता. पोरींना आधी वाटलं तुम्ही खेळताय. एकीनं वळून पाहिलं. तुम्ही परात टाकली आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन पाण्याची खूण केली, वर या, वर या. सहा पोरी पळाल्या. सातवी, आपली खळी, मागं फिरली, पातेलं आणायला. पाण्यानं तिचे पाय उचलले आणि ती खालच्या बाभळीला जाऊन अडकली. तुम्हाला पोहता येत नव्हतं, दादा. तरी विहिरीचा दोर कमरेला बांधून, दुसरं टोक त्या दोन बायांच्या हाती देऊन तुम्ही उतरलात. तिला काढलंत. पाठीत बाभळीचे काटे घुसले होते, ते संध्याकाळी मी सुईनं काढले, आणि प्रत्येक काट्याला वाटत होतं, आता विचाराल.

त्याआधी सरांनी विचारलं होतं. सगळ्यांसमोर, अंगणात. "तुमची मुलगी कुठं होती? तिला तिथं उभं करायचं ठरलं होतं ना?" आणि तुम्ही मान खाली न घालता म्हणालात, "म्याच तिला सरपनाला पाठीवलं, सर. चूक माझी." सर चिडले. ते मुळात वाईट नव्हते, सात लेकरं जाता जाता राहिली होती, माणूस चिडणारच. पण तुम्ही त्या वर्षी कायम होणार होतात, ते राहिलं. पुढं चार वर्षं राहिलं. आपण त्या एका खोलीत आणखी चार वर्षं काढली, तुम्ही त्याबद्दल एक अवाक्षर काढलं नाहीत आणि मीही नाही.

तुम्ही मला मारलं नाहीत. काटे काढून झाल्यावर मला समोर बसवलंत, कानाची पाळी धरलीत, नदीकडं बोट केलंत, आणि दोन्ही तळवे उघडून विचारलंत: कुठं? माझ्या बोटांना सीताफळाचा चिकट गर वाळलेला होता. तुम्ही तो पाहिलात. तीन दिवस तुम्ही माझ्याशी तोंडानं बोलला नाहीत, सगळं हातांनी. मला ऐकू येत असून त्या तीन दिवसांत माझ्याशी कुणी बोललं नाही. चौथ्या दिवशी दुपारी तुम्ही बांधावरची सगळी पिकलेली सीताफळं उतरवून आणलीत, गर काढून दुधात कालवलात आणि सातही पोरींच्या वाट्या भरल्यात. आठवी माझ्यापुढं सरकवलीत. मी हात लावेना. तुम्ही म्हणालात, "खा. झाडाचा काय गुन्हा?"

हे सगळं खळी मला आज नदीकाठी सांगत होती, तिला जेवढं ठाऊक होतं तेवढं. परात, कवडसा, बाभूळ, दोर. ती सांगताना हसत होती, तुमची नक्कल करत होती, तुम्ही परात कशी फेकलीत ते उभं राहून दाखवत होती. मला राहवलं नाही. मी तिचे हात थांबवले आणि म्हणाले, मोडक्यातोडक्या खुणांनी, पण म्हणाले: मला कुणी पाठवलं नव्हतं. लाकडं खोटी. मी वर फळ खात होते. तू मेली असतीस. शेवटची खूण नीट जमली नाही, म्हणून मला ती दोनदा करावी लागली.

तिनं माझ्याकडं पाहिलं. आणि हसायला लागली, दादा! पोट धरून, आवाज काढून हसली, वॉचमन दचकला. मग तिनं बांधाकडं बोट केलं, माझी नक्कल केली: फळ फोडायचं, गर चोखायचा, बी लांब थुंकायची. आम्ही पाहत होतो, ती म्हणाली. तू बांध चढून पलीकडं उतरलीस, आमच्यापैकी दोघींनी पाहिलं. तुझ्या जागी कुणीही गेलं असतं, फळं पिकली होती, आम्हालाही दिसत होती. बरं, सरांना दादा काय सांगतायत तेही आम्ही त्यांच्या ओठांवरून वाचलं. लाकडं. त्या संध्याकाळी सातही जणींनी कडुनिंबाखाली ठरवलं की दादांनी लाकडं म्हटलं तर लाकडंच. चाळीस वर्षं सात बायकांनी ते पाळलंय. त्यातल्या दोघी आता नाहीत. त्याही सांगून गेल्या नाहीत.

मी किती हलकी झाले ते कसं सांगू? मी तिथं पायरीवर बसून रडलेही आणि हसलेही. वॉचमननं पाण्याची बाटली आणून दिली. "काय झालं, ताई? काही तकलीफ?" "नाही हो भाऊ," मी म्हणाले, "लई चांगलं झालं."

पण खरं सांगायचं ते पुढंच आहे. खळीनं घड्याळ पाहिलं, जाकीट काढून त्याची घडी घातली आणि मला हाताला धरून वर जोत्यावर नेलं. थांब, म्हणाली. पाच-दहा मिनिटांत माणसं यायला लागली. दोन पोरं मोटारसायकलवरून, एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत, लेकराला कडेवर घेतलेलं जोडपं, तांड्यावरच्या दोघी बहिणी, डोंगरकड्याहून आलेला एक मास्तरांसारखा माणूस. बघता बघता तीस-एक जण कट्ट्यावर बसले, आणि हात सुरू झाले! दर रविवारी येतात म्हणे, कळमनुरीकडून, सेनगावकडून. शाळा गेल्यावर भेटायला जागा नव्हती. बगीचा झाला आणि खळीनं एकेकाला निरोप धाडून हे जोतं धरलं. तुमच्या स्वयंपाकघरात, दादा, पुन्हा तीस माणसं एकाच वेळी बोलत होती आणि पाखरांचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. कुणी म्हशीच्या दुधाची तक्रार करतंय, कुणी मोबाइलवर दूरच्या मित्राशी हातांनी बोलतंय, कुणाचं लग्न जमतंय. मी एकीकडून दुसरीकडं मान फिरवत होते, कुणाचं बघू आणि कुणाचं सोडू. माझी ओळख करून देताना खळीनं कानाची पाळी धरली, आणि काठीवाल्या म्हाताऱ्यांनी मला निरखून माझ्या डोक्यावर हात ठेवला. ते मोठ्या पोरांतले. तुम्ही त्यांना भाकरी जास्त वाढायचात.

डब्यातून मुरमुरे-चिवडा फिरला, कुणी भजी आणली होती. मोटारसायकलवरच्या पोरांपैकी एक, विशीचा असेल, मिशी अजून धड फुटली नाही, शाळा बंद पडली तेव्हा जन्मलासुद्धा नसेल. त्याच्यापुढं त्याच्या मित्रानं तिसऱ्यांदा भज्यांचा कागद धरला. पोरानं नको म्हणून मान हलवली, आणि उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटावर घासली.

मला वाटलं, तो तुमच्याबद्दल बोलतोय. मी खळीला विचारलं, याला दादा कसे माहीत? तिनं त्याला विचारलं. पोरगं गोंधळलं. कोण दादा? मी तर म्हटलं पोट भरलं. खळी माझ्याकडं वळली आणि तिचाच चेहरा बघण्यासारखा झाला, कारण रोज तीही तसंच म्हणत होती आणि तिच्याही ध्यानात आलं नव्हतं. आम्ही पोरं जेवून उठताना दारात तुम्हाला तुमची खूण करून जायचो ना, झालं, दादा, म्हणून? ती खूण तशीच पुढं गेली. या भागातल्या ऐकू न येणाऱ्या माणसांत तिचा अर्थ आता पोटभर असा आहे. तांड्यावरच्या त्या बहिणींना विचारलं, त्याही तेच म्हणाल्या. लहानपणापासून हीच खूण, कुणी बनवली ते माहीत नाही. मग काठीवाले म्हातारे उठले आणि त्यांनी सगळ्यांना सांगितलं. सावकाश, मोठ्या खुणांनी. तेल उकळतंय, उडालं, मनगट भाजलं, डाग पडला, आणि हा माणूस इथं उभा राहून आम्हाला वाढायचा. इथं, या फरशीवर. तीसच्या तीस जणांचे हात थांबलेले. मग त्या पोरानं आपल्या मनगटाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि एक भजं उचलून मला दिलं. मी खाल्लं. आणि मीही ती खूण केली.

पुढच्या रविवारी मी पुन्हा जाणार आहे. खळीनं पिठलं-भाकरीचा बेत ठरवलाय आणि भाकरी थापायचं काम माझ्यावर टाकलंय. माझ्या भाकरीचे काठ अजूनही फाटतात, हे मी तिला सांगितलेलं नाही. ड्युटी आली तर बदलून घेईन.

हा कागद कुठं टाकणार? ज्याला तो वाचायला द्यावा त्याला वाचता येत नव्हतं, पेटीच्या तळाशी ठेवून देईन. फक्त एक सांगायचं राहिलं. वर मी तुमचं जे बोलणं लिहिलंय, ते शब्द अगदी तुमचेच आहेत, एकही इकडचा तिकडं केलेला नाही. पण लिहिताना ते माझ्याच आवाजात ऐकू येत होते, गाडीत मागच्या सीटपर्यंत पोचणाऱ्या या कंडक्टरच्या आवाजात. तुमचा आवाज कसा होता, दादा, ते मला आता आठवत नाही.